रथात कोणी बसलंय का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बुद्धपौर्णिमेच्या पुरवणीत आपण हिंदू आणि बौद्ध धर्मांतल्या साम्य-भेदावर लेख छापलात. त्यानंतर वाचकांच्या पत्रांत जी खडाजंगी चालू आहे, ती मी लेण्यांवर जायच्या आधी चहाबरोबर वाचतो. निम्मी पत्रं म्हणतात, बौद्ध धर्म ही हिंदू धर्माचीच शाखा, उगाच वाद कशाला? उरलेली म्हणतात, बुद्धांनी हिंदू धर्माविरुद्ध बंड केलं, विषय संपला. मंडळी एकमेकांवर इतकी तुटून पडली आहेत की दोघांनी धरलेली गोष्ट एकच आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. बुद्धांच्या आधी आजचा हिंदू धर्म जसाच्या तसा उभा होता, असं दोघेही गृहीत धरतात. मग बुद्ध त्यातून फुटले की त्याच्यावर उलटले, एवढ्याचंच भांडण उरतं. माझं म्हणणं असं की हा कालक्रमच गडबडलेला आहे. तो नीट लावला की साम्य कुठे आहे आणि फरक नेमका कुठे पडतो, हे लख्ख दिसतं.

मी वेरूळला गाईड आहे. पालीत एम. ए. केलं, त्या विषयाची नोकरी मिळाली नाही, म्हणून परवाना काढून लेण्यांत उभा राहिलो. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन, हा हिशेब दिवसभर सांगतो. सांगून झाला की हमखास कोणीतरी काका विचारतात, “पण शेवटी सगळं एकच ना?” मी उलट विचारतो, “पाच मिनिटं आहेत की अर्धा तास?” बहुतेकांना कैलास लेणं बघून जेवायला जायचं असतं. आपल्या वाचकांना तेवढी घाई नसावी, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी उगमाचं बघू. ऋग्वेदाचा काळ साधारण इ. स. पू. १५०० ते १००० असा मानतात. त्यात इंद्र, अग्नी, वरुण, सोम आहेत. देऊळ नाही, मूर्तीची पूजा नाही, अमक्याचा अवतार तमका अशी भाषा नाही. मागणं असतं ते गाईंचं, मुलांचं, पावसाचं, शंभर वर्षांच्या आयुष्याचं. मेल्यावर यमाच्या लोकात पितरांना जाऊन मिळायचं. पुन्हा जन्म, पुन्हा मरण आणि या फेऱ्यातून सुटका, ही आज आपल्याला हिंदू धर्माचा कणा वाटणारी कल्पना ऋग्वेदात स्पष्टपणे सापडत नाही. ती उपनिषदांत पुढे येते, आणि तीही चोरपावलांनी.

बृहदारण्यक उपनिषदातला एक प्रसंग मला फार आवडतो. जनक राजाच्या सभेत शिंगांना सोनं बांधलेल्या हजार गाई उभ्या आहेत, सगळ्यांत मोठ्या ज्ञानी माणसाने त्या न्यायच्या. याज्ञवल्क्य सरळ गाई हाकायला सांगतात आणि मग बाकीचे विद्वान एकेक करून त्यांच्यावर प्रश्नांचा मारा करतात. त्यातला आर्तभाग विचारतो : माणूस मेला, त्याची वाणी अग्नीत गेली, प्राण वाऱ्यात गेला, डोळा सूर्यात गेला, शरीर मातीत गेलं. मग हा माणूस राहतो कुठे? यावर याज्ञवल्क्य भर सभेत उत्तर देत नाहीत. “बाबा आर्तभागा, हात दे तुझा,” म्हणतात. “हे आपण दोघंच जाणून घेऊ, लोकांत बोलायचं हे नव्हे.” दोघं बाजूला जातात, बोलतात. ते काय बोलले? उपनिषद सांगतं : ते कर्माबद्दल बोलले. पुण्यकर्माने माणूस पुण्यवान होतो, पापाने पापी.

म्हणजे ज्या कर्मसिद्धांतावर आज कोपऱ्यावरचा माणूसही बोलतो, तो तेव्हा हळू आवाजात, बाजूला जाऊन सांगायची गोष्ट होती. छांदोग्य उपनिषदात तर पांचालांचा राजा प्रवाहण जैवली उद्दालक आरुणींना तोंडावर सांगतो की ही विद्या तुमच्याआधी ब्राह्मणांकडे कधी गेली नव्हती. आता सांगा, पुनर्जन्माचा विचार बौद्धांनी “हिंदूंकडून घेतला” म्हणायचं ते कोणत्या हिशेबाने? गंगेच्या खोऱ्यात त्या शतकांत एक नवा प्रश्न सगळ्यांनाच पडला होता, आणि त्याची उत्तरं शोधणारे शेकडो होते. काही यज्ञशाळेतून आलेले, काही घरदार सोडून रानात हिंडणारे. या हिंडणाऱ्यांना श्रमण म्हणत.

दीघनिकायात, म्हणजे बुद्धांच्या लांब उपदेशांच्या पाली संग्रहात, मगधाचा राजा अजातशत्रू बुद्धांना सांगतो की मी आधी सहा आचार्यांना भेटून आलो. त्यांची मतं तो एकेक करून सांगतो. मक्खली गोसाल म्हणतो, सगळं नियतीने ठरलेलं आहे, माणसाच्या प्रयत्नाने काही होत नाही. अजित केसकंबली म्हणतो, मेल्यावर काहीच उरत नाही, दानबिन मूर्खांनी काढलेलं खूळ आहे. निगंठ नातपुत्त म्हणजे महावीर, तेही त्या यादीत आहेत. “बंड”वाल्या मंडळींनी हे जरूर वाचावं, कारण बुद्धांची सगळी तलवारबाजी ब्राह्मणांशीच होती हा समज त्यातून गळून पडतो. त्यांनी अतिशय कडक शब्द वापरले ते या गोसालाच्या मतासाठी. माणसाच्या केसांची कांबळ सगळ्या वस्त्रांत वाईट, थंडीत गार आणि उन्हात गरम. तसं श्रमणांच्या मतांमध्ये गोसालाचं मत, असं ते म्हणतात. जो म्हणतो प्रयत्नच करू नका, त्याच्याशी त्यांचं खरं वाकडं होतं.

त्या काळात आजचा हिंदू धर्म कुठे होता? त्याची मुळं होती. यज्ञ होता, वर्णाची कल्पना होती, उपनिषदांचा विचार आकाराला येत होता. पण पुराणं नव्हती, शिव-विष्णूंची दगडी देवळं नव्हती, वारी नव्हती. गीतासुद्धा बुद्धांनंतरची, असं बहुतेक अभ्यासक मानतात. बुद्धांच्या काळाबद्दल मतभेद आहेत : श्रीलंकेच्या परंपरेनुसार महापरिनिर्वाण इ. स. पू. ५४४ मध्ये, बरेच अभ्यासक ४८३ धरतात, आणि अलीकडे पुष्कळजण ते ४०० च्या आसपास आणतात. कोणताही आकडा घ्या, देवळातला हिंदू धर्म त्यानंतरच घडला. म्हणून आई-मुलगी हे नातं लावू नका. ही एकाच अंगणात वाढलेली भावंडं आहेत, आणि त्यातलं एक भावंड पुढची हजार-दीड हजार वर्षं दुसऱ्याशी वाद घालतच मोठं झालं.

बुद्धांच्या जन्मस्थळाबद्दल मात्र वाद घालायला फार जागा नाही, कारण अशोकाने दगडात कोरून ठेवलंय. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर तो स्वतः लुंबिनीला गेला आणि “हिद बुधे जाते सक्यमुनी ति” असं खांबावर लिहवलं : इथे बुद्ध जन्मले, शाक्यमुनी. हा लेख १८९६ मध्ये उजेडात आला. त्याची शेवटची ओळ माझी लाडकी. बुद्धांचा जन्म इथे झाला म्हणून लुंबिनी गावाचा ‘बली’ हा कर माफ केला आणि पिकावरचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला, असं त्यात आहे. भक्तीची पावती शेतसाऱ्यात!

वैदिक परंपरेला असा संस्थापक नाही, जन्मस्थळ नाही, स्थापनेचं वर्ष नाही. मीमांसक, म्हणजे वेदांतल्या यज्ञविधींचा अर्थ लावणारे पंडित, तर अभिमानाने सांगतात की वेद कोणी रचलेलेच नाहीत. दोन धर्मांतला हा पहिला मोठा फरक. एकीकडे एका माणसाचं चालणं, बोलणं, शेवटचं आजारपण, चुंदाच्या घरचं शेवटचं जेवण, ऐंशीव्या वर्षी कुशीनगरला दोन साल वृक्षांमध्ये टेकलेलं अंग, असा सगळा माग आहे. दुसरीकडे कर्त्याचा पत्ताच नसलेला शब्द प्रमाण आहे.

आता देवाचा प्रश्न. लेण्यांत येणारे मराठी पाहुणे मला हमखास सांगतात, “बौद्ध देव मानत नाहीत.” हे अर्धं खरं आहे. पाली ग्रंथ देवांनी भरलेले आहेत. सक्क म्हणजे इंद्र येतो, ब्रह्मा सहंपती येतो आणि बुद्धांना हात जोडून विनवतो की उपदेश करा. देव आहेत, फक्त जग निर्माण करणारा आणि चालवणारा कोणी नाही. केवट्ट सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या एका उपदेशात, ही गोष्ट फार मिश्कीलपणे सांगितली आहे. एका भिक्खूला प्रश्न पडतो की पृथ्वी, आप, तेज, वायू ही महाभूतं कुठे पूर्णपणे विरून जातात? तो ध्यानाच्या बळावर देवलोकांत जातो आणि एकेका पायरीवरच्या देवांना विचारत सुटतो. प्रत्येकजण वरच्याकडे बोट दाखवतो, आपल्या सरकारी कचेरीसारखं. शेवटी तो महाब्रह्म्यासमोर पोचतो. ब्रह्मा गरजतो : मी ब्रह्मा, महाब्रह्मा, कर्ता, निर्माता, झालेल्या आणि होणाऱ्या सगळ्यांचा पिता! भिक्खू शांतपणे म्हणतो, मी ते विचारलंच नाही. ब्रह्मा पुन्हा तेच. शेवटी ब्रह्मा त्याचा दंड धरतो, बाजूला नेतो आणि सांगतो : “हे सगळे देव समजतात की ब्रह्म्याला माहीत नाही असं काही नाही, म्हणून त्यांच्यासमोर बोललो नाही. मलाही माहीत नाही. तू परत जा आणि बुद्धांनाच विचार.”

वरचे दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे हाताला धरून बाजूला नेणं आहे. उपनिषदातला ऋषी सभेपासून दूर नेतो ते गूढ सांगण्यासाठी. सुत्तातला ब्रह्मा दूर नेतो ते आपलं अज्ञान कबूल करण्यासाठी. एकाच मुलखातले, एकमेकांची भाषा पुरती ओळखणारे लोक आहेत हे. परक्याला अशी कोपरखळी मारता येत नाही.

पण इथे “हिंदू देव मानतात, बौद्ध मानत नाहीत” असा शिक्का मारू नका. सांख्य या जुन्या तत्त्वज्ञानाच्या अभिजात मांडणीत ईश्वराला जागा नाही. मीमांसकांना जगाचा कर्ता लागत नाही, त्यांचा यज्ञ आपल्या बळावर फळ देतो. आणि हे दोघे पक्के वैदिक! तेव्हा देव हा दोघांमधला खरा बांध नव्हे. खरा बांध आहे आत्मा.

यासाठी मी पाहुण्यांना रथाचं सांगतो. कठोपनिषदात यम नचिकेताला म्हणतो : “आत्मानं रथिनं विद्धि शरीरं रथमेव तु.” शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी, आणि आत बसलेला मालक म्हणजे आत्मा. रथ मोडेल, घोडे मरतील, मालक उतरून दुसऱ्या रथात बसेल. गीतेने हेच जुनी वस्त्रं टाकून नवी घालण्याच्या दाखल्याने सांगितलं, ते तर आपल्याकडे तेराव्याच्या पत्रिकेवरही छापतात. छांदोग्यात उद्दालक पुढचं पाऊल टाकतात. मुलाला पाण्यात मीठ टाकायला लावतात, सकाळी वरून चाख, मधून चाख, तळातून चाख म्हणतात. सगळीकडे खारट. दिसत नाही, पण आहे. तसं ते सूक्ष्म तत्त्व सगळ्यात भरलेलं आहे, आणि श्वेतकेतू, ते तू आहेस.

आता श्रावस्तीजवळच्या अंधवनात या. वजिरा नावाची भिक्खुणी दुपारची झाडाखाली बसली आहे. मार, म्हणजे साधकांना वाटेवरून हटवणारा भुलव्या, येतो आणि तिला घाबरवायला विचारतो : हा प्राणी कोणी बनवला? याचा कर्ता कुठे आहे? ती म्हणते, मारा, ‘प्राणी’ म्हणून कुठे काय धरून बसलास? हा नुसता संस्कारांचा, म्हणजे कारणांनी घडलेल्या गोष्टींचा, ढीग आहे. जसे सुटे भाग एकत्र आले की ‘रथ’ म्हणतात, तसे स्कंध, म्हणजे शरीर-मनाचे घटक, एकत्र असले की ‘प्राणी’ म्हणायची रीत आहे, इतकंच. पुढे मिलिंद या ग्रीक राजाला भिक्खू नागसेन हाच दाखला सविस्तर देतात. आस म्हणजे रथ का? नाही. चाक म्हणजे रथ? नाही. दांडी, जू, लगाम? नाही. मग हे सगळं सोडून वेगळा रथ कुठे आहे? नाही. मग महाराज, आपण कशात बसून आलात?

रथ दोन्हीकडे आहे. यम विचारतो, रथात कोण बसलंय? वजिरा म्हणते, बसलेला सोड, रथ तरी कुठे आहे? माझ्या मते हिंदू-बौद्ध भेद सांगायला याहून नेमकी जागा नाही. आत काहीतरी टिकणारं, न बदलणारं आहे आणि ते ओळखणं म्हणजे मोक्ष, असं उपनिषदांवर उभा असलेला वेदान्त म्हणतो. आत असं काही शोधायला जाऊ नका, ते धरून ठेवण्याच्या धडपडीतूनच दुःख येतं, असं बुद्ध म्हणतात. सारनाथला पाच साथीदारांना दिलेल्या दुसऱ्याच उपदेशात त्यांनी हे मांडलं. रूप जर खरोखर ‘मी’ असतं तर ‘माझं रूप असं होवो, असं न होवो’ हे चाललं असतं. ते चालत नाही. बाराव्या लेण्याचे तीन मजले दिवसातून कितीदा तरी चढणाऱ्या माणसाला हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही. माझे गुडघे माझं ऐकत नाहीत.

मग लगेच प्रश्न येतो, आणि हुशार माणसंच तो विचारतात : आत्मा नाही तर पुनर्जन्म कोणाचा? मिलिंदानेही हेच विचारलं होतं. नागसेन म्हणतात, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? एकच नाही, आणि वेगळीही नाही. एका दिव्यावर दुसरा लावला तर पहिल्यातून काही उचलून दुसऱ्यात ठेवलं का? नाही, पण पहिला नसता तर दुसरा पेटलाही नसता. हे असेल तर ते होतं, हे थांबलं की ते थांबतं, हा बुद्धांचा प्रतीत्यसमुत्पाद. वेदान्त्यांना हे उत्तर कधी पुरलं नाही. कर्म केलं एकाने आणि फळ भोगलं दुसऱ्याने, हा कुठला न्याय, असा त्यांचा आक्षेप होता. तो आक्षेप पोकळ नव्हता, नाहीतर त्यावर शतकानुशतकं ग्रंथ लिहिले गेले नसते. मी निकाल देत नाही. इथे दोन वेगळी उत्तरं आहेत एवढं दाखवतो, आणि “सगळं एकच” म्हणणारे काका याच ठिकाणी घड्याळ बघतात.

कर्म हा शब्द दोघांचाही, पण जुन्या यज्ञपद्धतीत कर्म म्हणजे विधी, नीट केलेला, मंत्रांचा उच्चार न चुकवता केलेला. बुद्ध म्हणतात, भिक्खूंनो, चेतनेलाच मी कर्म म्हणतो. मनातला हेतू हेच कर्म. एवढ्या एका वाक्याने सगळा मामला वेदीवरून उचलून माणसाच्या मनात आणून ठेवला. आणि हेतू कोणाचाही असू शकतो, त्याला वर्ण नसतो. ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात मुखापासून ब्राह्मण आणि पायांपासून शूद्र झाले असं आहे. सुत्तनिपात हा पाली ग्रंथ म्हणतो, “न जच्चा वसलो होति, न जच्चा होति ब्राह्मणो”, जन्माने कोणी हलका नाही, जन्माने कोणी ब्राह्मण नाही, कर्मानेच होतो. शाक्य राजपुत्रांच्या आधी त्यांच्या न्हाव्याला, उपालीला, दीक्षा दिली गेली, म्हणजे दीक्षेच्या क्रमाने ज्येष्ठ तो झाला आणि राजपुत्रांनी त्याला वंदन केलं. हाच उपाली पुढे विनयाचा, म्हणजे संघाच्या नियमांचा, सर्वांत मोठा जाणकार.

तरी बुद्धांना आजच्या चळवळीचा कार्यकर्ता बनवू नये. संघात जात गळाली, पण संघाबाहेरचा समाज मोडायचा कार्यक्रम त्यांनी हाती घेतला नव्हता. बायकांना संघात घ्यायलाही ते सुरुवातीला तयार नव्हते. त्यांच्या मावशी महापजापती गोतमींनी केस कापून, अनवाणी चालत येऊन दाराशी रडत उभं राहावं लागलं, शिष्य आनंदाला मध्ये पडावं लागलं, आणि मग आठ जादा नियम लावून परवानगी मिळाली, असं विनयपिटकच सांगतं.

लोकव्यवहारात तर हे दोन प्रवाह आपल्या मुलखात असे मिसळले होते की आजच्या पत्रलेखकांना घाम फुटावा. सातवाहनांचं घ्या. नाणेघाटातला राणी नागनिकेचा लेख अश्वमेध, राजसूय आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाईंची जंत्री देतो. त्याच घराण्यातली गौतमी बलश्री नाशिकच्या लेण्यात आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक कोरून घेते : एकमेव ब्राह्मण, ज्याने चारही वर्णांचा संकर थांबवला! आणि हे कोरलंय कुठे? बौद्ध भिक्खूंना दान दिलेल्या लेण्यात. वर्णसंकर थांबवल्याची फुशारकी, वर्ण न मानणाऱ्या संघाच्या भिंतीवर. तिथल्याच दुसऱ्या एका लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात लिहितो की मी ब्राह्मणांना तीन लाख गाई दिल्या, आणि भिक्खूंच्या चिवरासाठी विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघटनेकडे, दोन हजार कार्षापण नाणी दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून कपडे. त्याला “तू नेमका कोणाचा?” असं कोणी विचारलं नसावं.

यावरून काही जण लगेच म्हणतील, बघा, एकच! नाही हो. दान देणारा दोघांना देतो म्हणजे घेणारे दोघं एक होत नाहीत. आमच्या दहाव्या लेण्यात स्तूपासमोर पाय सोडून बसलेले बुद्ध आहेत आणि छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या. ते सुतारकाम बघून सुतार मंडळींनी मूर्तीला विश्वकर्मा म्हटलं आणि भक्तिभावाने नमस्कार केला. त्यांच्या भक्तीबद्दल मला आदर आहे. पण आपल्या लेखकांनी त्यावरून “दोन्ही धर्मांचं मूळ एकच” असा जो सिद्धांत काढला, तो त्या नमस्काराला पेलणारा नाही.

अवताराचंही तसंच. बुद्ध विष्णूचा नववा अवतार, असं लेखात ठामपणे म्हटलंय. कशासाठी झाला हा अवतार, ते मात्र लेखात नाही. भागवत सांगतं, देवांच्या शत्रूंना मोहात पाडण्यासाठी. विष्णुपुराणात विष्णूच्या देहातून निघालेला मायामोह असुरांना वेदांपासून दूर नेतो, म्हणजे त्यांचा पाडाव करणं सोपं जावं. थोडक्यात, उपदेश खोटा आणि मुद्दाम दिलेला. बाराव्या शतकात जयदेव एकदम सूर बदलतो आणि म्हणतो, पशूंची हत्या बघून ज्याचं हृदय कळवळलं आणि म्हणून ज्याने यज्ञाच्या श्रुतींची निंदा केली, तो केशव बुद्धरूपात आला. एकाच अवताराची ही दोन कारणं एकमेकांना छेद देणारी आहेत. ज्याला भुलवणारा ठरवलं, त्यालाच करुणामूर्ती ठरवलं. हा सन्मान होता की पचवून टाकण्याची रीत, हे ज्याचं त्याने ठरवावं. डॉ. आंबेडकरांनी ठरवलं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही असं स्पष्ट आहे. ही प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या वाचकाला आपली पुरवणी उघडल्यावर काय वाटलं असेल, याचा विचार संपादकांनी करायला हवा होता.

आपल्या ज्ञानेश्वर माउलींनी हा वाद लपवला नाही, त्याला गणपतीच्या हातात दिलं. “ओम नमो जी आद्या” म्हणून सुरू होणाऱ्या नमनात गणेशाच्या एका हातात मोडका दात आहे, आणि तो म्हणजे वार्तिककारांनी, म्हणजे टीकाग्रंथ लिहिणाऱ्यांनी, खंडन केलेलं बौद्धमत. १२९० साली इथे बौद्ध पंडित वाद घालायला उरले नसतील, पण त्यांच्या मताला मूर्तीत जागा ठेवावी लागली. मोडलेला का होईना, दात त्याच गणपतीचा. घरोघरी हे नमन म्हटलं जातं आणि त्या ओवीवर कोणी थांबत नाही.

उसनवारी दोन्ही बाजूंनी झाली, हेही सांगितलं पाहिजे. शंकराचार्यांच्या मायावादाला, म्हणजे दिसणारं जग भास आहे या मताला, हिंदू विरोधकांनीच ‘प्रच्छन्न बौद्ध’ म्हणून हिणवलं. त्यांच्या गुरूंचे गुरू गौडपाद, त्यांच्या कारिकांचं, म्हणजे श्लोकबद्ध ग्रंथाचं, चौथं प्रकरण वाचलं तर बौद्ध परिभाषा जागोजागी दिसते. उलट बौद्धांनी पाली सोडून संस्कृतात ग्रंथ लिहिले, मंत्र घेतले, तंत्र घेतलं, तारा देवीसारख्या देवता उभ्या केल्या. आमच्या बाराव्या लेण्याच्या वरच्या मजल्यावर देवींची रांगच आहे. अकराव्यात तर दुर्गा आणि गणपतीही कोरलेले आहेत, ते बहुधा नंतर.

कायद्याचा मुद्दा एका पत्रात आला आहे : घटनाच बौद्धांना हिंदू म्हणते. अनुच्छेद २५ चं दुसरं स्पष्टीकरण नीट वाचावं. हिंदू धार्मिक संस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याच्या तरतुदीपुरता तो उल्लेख आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांना लागू आहे हे खरं, पण १९९२ च्या अल्पसंख्याक आयोग कायद्याखाली बौद्ध हा स्वतंत्र अल्पसंख्याक समाज आहे, आणि जनगणनेत रकाना वेगळा आहे. २०११ मध्ये त्या रकान्यात देशभरात सुमारे ८४ लाख माणसं होती आणि त्यांतली ६५ लाखांवर महाराष्ट्रातली. कोणत्या कलमात कोणाला कोणाबरोबर धरलं, यावरून रथात कोणी बसलंय की नाही हे ठरत नसतं.

शेवटी एक धंद्याची गोष्ट. आपले वाचक वेरूळला आले की थेट १६ नंबरला, कैलासात घुसतात आणि तिथेच दमतात. तसं करू नका. आधी १० बघा, मग १२ च्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन ओळीने बसलेल्या बुद्धांसमोर थोडा वेळ थांबा, आणि लगेच १५ मध्ये या. ते दुमजली दशावतार लेणं मुळात बौद्ध विहार म्हणून खोदायला घेतलं होतं असं अभ्यासक सांगतात, आणि १२ वरून आलात तर ते का म्हणतात हे खांब आणि दालनं बघूनच कळतं. तिथेच पुढे नरसिंह हिरण्यकशिपूवर झेपावताना दिसेल. कैलास त्यानंतर. सकाळी लवकर या, मंगळवारी लेणी बंद असतात.

आपला,
वेरूळचा एक गाईड